खरा एफा : ग्रामीण उपजीविकेचे मोजमाप आणि मंडळीची सेवा

पवित्र शास्त्रात मापाविषयी जितकी काळजी आढळते तितकी ती आपल्या प्रवचनांत क्वचितच आढळते. खरा तराजू, खरी वजने, खरा एफा व खरा हिन वापरावा अशी आज्ञा लेवीय ग्रंथात दिली आहे (लेवीय १९:३५-३६), आणि त्या आज्ञेला लागूनच मिसर देशातून झालेल्या सुटकेची आठवण करून दिली आहे. ज्या लोकांना देवाने दास्यातून सोडविले त्यांच्या बाजारात दुबळ्याची फसवणूक होऊ नये, असा त्या आठवणीचा अर्थ होय. आमोस संदेष्टा एफा लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांवर देवाचा कोप जाहीर करतो (आमोस ८:५), कारण लहान केलेल्या एफाचा फटका सर्वांत आधी गरिबाच्या धान्याला बसतो.

आजच्या काळी धान्याच्या मापाइतकेच आणखी एक माप गरिबाच्या ताटावर परिणाम करीत असते. कोणते घर गरीब समजावे, कोणाला शेतकरी म्हणावे, कोणते गाव मागास ठरवावे, हे निश्चित करणारी जी शासकीय व सामाजिक पाहणी, तिचे हे माप. शिधापत्रिका, घरकुल, पीककर्ज, अनुदान, तसेच मंडळीच्या सेवासंस्थांकडून मिळणारे साहाय्य, हे सारे त्या मापावर अवलंबून असते. म्हणून हे माप कसे तयार होते, त्यात काय दिसते आणि काय निसटते, याची ओळख पाळकांना व धर्मशिक्षकांना असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ती ओळख करून देण्याचा प्रयत्न करीत आहोत. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हा मराठी, तेलुगू व गोंडी या भाषांच्या सीमेवरील प्रदेश आम्ही उदाहरणासाठी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

‘उत्पन्न’ आणि ‘उपजीविका’

तामसीचा परिसर पैनगंगेच्या दक्षिणेस, काळ्या कपाशीच्या जमिनीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखास जोडले गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत गेल्या तरी नदीच्या दोन्ही तीरांवरील शेती, सोयरीक व बोली पुष्कळशी एकच राहिली. कपाशी हे मुख्य पीक. जोडीला सोयाबीन, तूर, ज्वारी. बहुतांश शेती पावसाच्या भरवशावरची.

अशा गावात पाहणीस आलेला मनुष्य विचारतो, “तुमचे वर्षाचे उत्पन्न किती?” हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘उत्पन्न’ म्हणजे शेतात पिकलेला माल. त्याचे उत्तर क्विंटलांत येते, किंवा बाजारात हाती पडलेल्या सगळ्या रकमेचे येते. त्यातून बी-बियाणे, खत, फवारणी, मजुरी, जमिनीचा मक्ता व व्याज वजा जाता घरात काय उरले, हे त्या उत्तरात नसते. शासकीय कारभाराची भाषा तेलुगू, आणि कित्येक घरांची भाषा मराठी, गोंडी वा कोलामी. त्यामुळे प्रश्न एका अर्थाने विचारला जातो व उत्तर दुसऱ्या अर्थाने लिहिले जाते. कागदावर आकडा उमटतो खरा, पण तो नेमका कशाचा हे कोणीच सांगू शकत नाही.

उपजीविका ही याहून व्यापक गोष्ट आहे. घरातील माणसे ज्या ज्या मार्गांनी जगतात ते सर्व मार्ग, त्यासाठी त्यांच्या हाती असलेली साधने, आणि संकट आले असता तग धरण्याची त्यांची शक्ती, या सर्वांना मिळून उपजीविका म्हणावे. शेत, बैल, शेळ्या, शिक्षण, कसब, निरोगी शरीर, भावकीचा आधार, गावच्या माळावर चरण्याचा हक्क, रानातील मोहफुले व तेंदूपाने, दूर शहरी कामास गेलेला मुलगा, हे सारे तिच्यात येते.

आजवरची मापे

ग्रामीण दारिद्र्य मोजण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले, याची जाणीव वाचकांना असावी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यांनी घरोघर जमाखर्च मांडून पाहिला. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे आपल्या जमिनीवर नीट निभावत होती; आणखी २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या आधाराने सावरली होती; उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ तरीही बसत नव्हता. त्याच गावात सरासरी धारणा १७७१ साली ४० एकर होती, ती १९१४-१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. सरासरी पिकाच्या आकड्यांवरून हे सत्य कधीच दिसले नसते. प्रत्येक घराला वेगळे विचारले म्हणून ते दिसले.

पुढे १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याजोगा खर्च ही त्यांनी किमान रेषा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही रेषा ग्रामीण भागात दरडोई वर्षाला १८० रुपये व शहरी भागात २७० रुपये इतकी येत होती. तिच्या खाली ग्रामीण लोकांपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकांपैकी सुमारे ५० टक्के लोक होते. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तेव्हा प्रत्येक तंबूतील माणसे मोजून डोईमागे एक ओमर घेण्यास सांगितले होते (निर्गम १६:१६-१८). दारिद्र्यरेषा ही तशीच एक कल्पना आहे : ज्याच्या खाली कोणालाही राहू देऊ नये असे डोईमागचे किमान माप.

तेव्हापासून ही रेषा अनेक वेळा नव्याने आखली गेली. २००९ साली प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने केवळ उष्मांकांवर विसंबून न राहता शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चही हिशेबात घेतला. त्यामुळे २००४-०५ या वर्षासाठी ग्रामीण दारिद्र्याचे प्रमाण ४१.८ टक्के निघाले. २०१४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने पुन्हा निराळी रेषा सुचविली. जागतिक बँकेने १९९० साली दिवसाला एक डॉलर अशी रेषा मांडली होती. ती वाढत वाढत जून २०२५ मध्ये तीन डॉलर झाली. रेषा हलली की कोट्यवधी माणसे एका रात्रीत गरीब ठरतात किंवा गरिबीतून ‘बाहेर’ पडतात. त्यांच्या चुलीवर मात्र काहीच बदललेले नसते. यावरून रेषा निरर्थक आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण रेषेवाचून शासनाला जबाबदार धरता येत नाही. परंतु तिने काय मोजले आहे हे विचारल्याशिवाय तिच्या आकड्यावर विसंबू नये.

वर्षाचा हिशेब आणि महिन्यांचा हिशेब

वार्षिक आकड्यात जे सर्वांत अधिक लपते ते म्हणजे वर्षाची चाल. हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही कपाशीच्या प्रदेशातील दोन घरे कल्पून घेतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

दोन्ही घरांचे निव्वळ वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपये आहे. पहिल्या घराला स्वतःची जमीन आहे. कपाशीचे ६०,००० रुपये सुटतात आणि बाहेरगावी नोकरीस असलेला मुलगा दरमहा ३,००० रुपये पाठवितो. दुसरे घर मक्त्याच्या जमिनीवर कसते. त्याचेही कपाशीचे ६०,००० रुपये सुटतात आणि वेचणीच्या हंगामात नवराबायको मजुरी करून ३६,००० रुपये मिळवितात. पाहणी करणारा दोघांना एकाच रकान्यात लिहील.

आता आषाढ-श्रावणाचा विचार करावा. पेरणी आटोपलेली, घरचे धान्य संपत आलेले, शाळेचा खर्च नुकताच झालेला, पावसाळी दुखणी सुरू झालेली. पहिल्या घरात मुलाचे पैसे येत राहतात. दुसऱ्या घरात काहीच येत नाही. ते २०,००० रुपये शेकडा दरमहा ३ रुपये व्याजाने घेते आणि कापूस आपल्यालाच घालावा अशी अट व्यापारी घालतो. सहा महिन्यांचे व्याज ३,६०० रुपये. वीस क्विंटल कापूस बाजारभावापेक्षा क्विंटलमागे ३०० रुपये कमी दराने द्यावा लागला, त्याचे ६,००० रुपये. एकूण ९,६०० रुपये, म्हणजे त्या घराच्या उत्पन्नाचा नेमका दशांश. हा दशांश देवाच्या भांडारात जात नाही. पैसा हाती येण्याचा महिना आणि पैसा लागण्याचा महिना यांत अंतर पडले म्हणून तो सावकाराकडे जातो. पाहणी करणाऱ्याने कापूस बाजारभावाने धरला व घरखर्चाच्या कर्जाचे विचारले नाही, तर हा दशांश त्याच्या कागदावर कोठेच येणार नाही.

हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ साली सहा गावांचा जो अभ्यास हाती घेतला, त्याचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. त्यांतील चार गावे मराठी मुलखातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेडा. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे निवडली. त्यांत तीस शेती करणारी व दहा भूमिहीन मजुरांची. अभ्यासक गावातच राहिले आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन विचारपूस करीत राहिले. असे वर्षानुवर्षे चालले. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. गरीब घरे दरवर्षी तीच नसतात. बहुतेक घरे केव्हा ना केव्हा रेषेखाली जातात, काही पुन्हा वर येतात, आणि काही मात्र वर्षामागून वर्षे तेथेच अडकून राहतात. एका भेटीत या तिन्ही प्रकारची घरे सारखीच दिसतात. त्यांना लागणारे साहाय्य मात्र निरनिराळे असते. जे घर दुखण्यामुळे घसरले त्याला औषधोपचार व थोडी उसनवारी पुरते. जे कायमचे अडकले आहे त्याला जमीन, शिक्षण व स्थिर काम लागते.

२०१८-१९ या वर्षासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीने केलेली शेतकरी कुटुंबांची पाहणीही अशीच बोलकी आहे. देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यांत पिकापासून ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारापासून ४,०६३ रुपये होते. ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो सरासरीने पाहता शेतापेक्षा मजुरीवर अधिक जगत होता. त्याच पाहणीनुसार तेलंगणातील शेतकरी कुटुंबांपैकी ९१.७ टक्के कर्जात होती आणि कुटुंबामागे सरासरी कर्ज दीड लाख रुपयांहून थोडे अधिक होते. ज्या प्रदेशात कर्ज इतके सार्वत्रिक आहे तेथे ‘किती मिळविता’ या प्रश्नाइतकाच ‘किती व कोणाचे देणे आहे’ हा प्रश्न मोलाचा आहे.

मोजणीबाहेर राहिलेले

कोणाला मोजावयाचे हे आधी व्याख्या ठरविते. २००३ सालच्या पाहणीत शेतकरी कुटुंब ठरण्यासाठी काही जमीन ताब्यात असणे आवश्यक होते. २०१३ साली ती अट काढून टाकली व वर्षाला ३,००० रुपयांहून अधिक किमतीचे शेतीउत्पादन ही अट घातली. पुढील पाहणीत ती ४,००० रुपये झाली. व्याख्या बदलताच शेतकऱ्यांची संख्या बदलली.

तेलंगणात याचे परिणाम प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. २०१८ साली ‘रयतु बंधू’ योजना सुरू झाली व प्रत्येक हंगामात एकरी ४,००० रुपये शेतकऱ्याच्या हाती देण्याचे ठरले. पुढे ही रक्कम ५,००० रुपये झाली. पैसे थेट हाती पडल्याने पेरणीच्या वेळी अनेकांना दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु रक्कम ज्याच्या नावे पट्टा त्याला मिळे. ज्याला तेलुगूत कौलू शेतकरी म्हणतात तो मक्तेदार, जो प्रत्यक्ष कसतो, बियाण्यासाठी कर्ज काढतो आणि पीक बुडाले तर बुडतो, तो या हिशेबातून वगळला गेला. जानेवारी २०२५ पासून ‘रयतु भरोसा’ या नावाने एकरी ६,००० रुपयांची व भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची योजना पुढे आली. तरीही ज्याचे नाव जमिनीच्या कागदावर नाही असा कसणारा मनुष्य मधल्या मध्ये राहण्याचा धोका कायम असतो.

आदिलाबादच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. निजामी राजवटीत वने राखीव झाली, मैदानी जमिनी बाहेरून आलेल्या कसणाऱ्यांच्या नावे लागल्या, आणि पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या गोंड व कोलाम लोकांजवळ कागद नसल्याने ते आपल्याच भूमीवर परके ठरले. १९४० साली कोमरम भीम यांचा लढा जोडेघाट येथे त्यांच्या मृत्यूने थांबला. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी या जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहून त्यांच्या स्थितीचा अभ्यास केला; मारलवाई येथे गोंडी भाषेतून शिक्षण देण्याचे केंद्र निघाले आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे काम हाती घेतले गेले. बाहेरून आलेल्यांत आपले मराठी भाषकही होते, हे आपण विसरू नये. नोंद ज्याच्या भाषेत होते त्याचा हक्क बहुधा पक्का होतो; ज्याची भाषा नोंदणाऱ्याला येत नाही तो मागे पडतो.

काळाचाही असाच प्रश्न आहे. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तेलंगणा शासनाने एकाच दिवसात राज्यातील सर्व कुटुंबांची पाहणी केली. नाव लागावे म्हणून लोक शहरांतून आपापल्या गावी परतले. एवढी मोठी मोजणी एका दिवसात होणे ही संघटनेची मोठी कामगिरी होती. तथापि एका दिवसाच्या मोजणीत त्या दिवसाचे घर दिसते. वर्षातील सहा महिने त्या घराला कुलूप असते, हे दिसत नाही.

घराच्या आतही कोणी मोजणीबाहेर राहतो. प्रश्नांची उत्तरे सहसा पुरुष देतो. कपाशीची वेचणी मुख्यतः स्त्रिया करतात. पाणी, सरपण व गुरे यांचे कामही पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येते. त्या श्रमाला ‘उत्पन्न’ म्हणून कोणी लिहीत नाही.

टिकणारी उपजीविका

१९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे मांडली : आजच्या पिढीच्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांच्या गरजा भागण्यास बाध येऊ नये. ‘शाश्वत’ हा शब्द आपण देवाविषयी वापरतो. येथे त्याचा अर्थ टिकून राहणारा एवढाच घ्यावा. १९९२ साली रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी हीच कल्पना गरिबाच्या घराला लावली. जी उपजीविका धक्के सोसून पुन्हा उभी राहते आणि आपल्या साधनांचा, भूमीचा व पाण्याचा नाश न करता पुढील पिढीच्या हाती देता येते, ती टिकणारी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढे अभ्यासकांनी घराची साधने पाच प्रकारांत मांडली : माणसांचे आरोग्य व कसब, निसर्गाची देणगी, घर-अवजारे-रस्ते, पैसा व पत, आणि नात्यागोत्याचा व समाजाचा आधार.

हे माप लावले असता उत्पन्नाचा आकडा निराळा दिसू लागतो. एखाद्या घराने यंदा अधिक पैसे मिळविले, पण त्यासाठी बैलजोडी विकली, विहीर उपसून कोरडी केली, किंवा मुलीची शाळा सोडवून तिला वेचणीस लावले, तर ते घर वर गेले म्हणावे की खाली? पाऊस चांगला झाला आणि कापूस आला, पण जमिनीचा कस दरवर्षी उतरत आहे, तर त्या पिकात उद्याची भाकर आजच खाल्ली जात आहे. सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा (लेवीय २५:१-७) या आज्ञेमागे हाच विवेक आहे. भूमी परमेश्वराची आहे व आपण तिच्यावर उपरे आहोत (२५:२३), तर तिचा घसाराही हिशेबात धरला पाहिजे.

उत्पन्नापलीकडचे दारिद्र्य मोजण्यासाठी २०१० साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासकेंद्र व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक तयार केला. आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील उणिवा घरोघर एकत्र पाहिल्या की एकाच घरावर किती ओझी एकाच वेळी आहेत हे त्यातून कळते. या पद्धतीच्या एक प्रमुख कर्त्या सबीना अल्कायर या अर्थतज्ज्ञ असून अँग्लिकन मंडळीच्या दीक्षित पाळकही आहेत. आपल्या नीती आयोगाने हीच पद्धत बारा निकषांनी वापरली. २०२३ च्या अहवालानुसार असे दारिद्र्य २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. ही सुधारणा आनंदाची आहे. मात्र वीज, शौचालय व बँकखाते मिळालेले घरही आषाढात कर्ज काढीत असू शकते; म्हणून एका मापाने दुसऱ्याचे काम होत नाही.

नहेम्याचे प्रश्न

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमेतील लोकांचा आक्रोश नोंदला आहे (नहेम्या ५:१-५). काहींचे म्हणणे असे की, घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि धान्य नाही. काहींनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. काहींनी राजाचा कर भरण्यासाठी पैसे उसने घेतले होते, आणि आपली मुलेबाळे दास्यात द्यावी लागत असल्याचे दुःख ते सांगत होते. अन्न, मालमत्ता, देणे आणि मुले : उपजीविकेच्या उत्तम पाहणीत जे विचारावयास हवे ते येथे आले आहे. नहेम्याने ऐकून घेतले, मनाशी विचार केला, आणि सभा भरवून शेते व व्याज परत करविले (५:६-१३). त्याच्या मोजणीचा शेवट परतफेडीत झाला.

याउलट दाविदाने केलेल्या शिरगणतीची कथा (२ शमुवेल २४) आपल्याला सावध करते. तेथे तलवार चालविणाऱ्यांची संख्या हवी होती. मोजणी राजाच्या बळासाठी होती. मंडळीने आपल्या अहवालाची पाने भरण्यासाठी, देणगीदारांस दाखविण्यासाठी किंवा सभासदसंख्या मिरविण्यासाठी गरिबांची घरे मोजली, तर ती मोजणी दाविदाच्या पंक्तीत बसेल.

आमच्या मते पाळकाने वा धर्मशिक्षकाने आपल्या गावात पुढील गोष्टी कराव्यात, आणि त्या सर्व धर्मांच्या घरांविषयी कराव्यात.

पहिली, बारा महिने विचारावेत. जमिनीवर बारा घरे आखून प्रत्येक महिन्यात आवक, खर्च, काम व दुखणे किती, हे खड्यांनी किंवा चिंचोक्यांनी घरच्या माणसांना मांडू द्यावे. निरक्षर माणूसही हे अचूक करतो, आणि चूक झाल्यास शेजारी दुरुस्त करतो. आदिलाबाद हा २००० साली आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या दारिद्र्यनिर्मूलन प्रकल्पाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता, आणि गावकऱ्यांनीच गरीब घरे ओळखावीत ही पद्धत त्या प्रकल्पाने स्वीकारली होती. ती या भागाला अपरिचित नाही.

दुसरी, नहेम्याच्या लोकांनी सांगितले ते विचारावे : गेल्या वर्षात काय विकले, काय गहाण टाकले, देणे कोणाचे, जमीन कोणाच्या नावे आणि कसतो कोण, कोणते मूल शाळेतून निघाले. स्त्रियांशी स्त्रियांनी वेगळे बोलावे.

तिसरी, वाट सोडून जावे. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, बाहेरून येणारे अधिकारी डांबरी रस्त्यालगतची घरे पाहतात, कोरड्या ऋतूत येतात, पुढाऱ्यांना व पुरुषांना भेटतात. त्यामुळे सर्वांत गरीब माणूस त्यांच्या नजरेस पडतच नाही. आपल्या पाळकीय भेटीही पुष्कळदा रस्त्यालगत, सुगीनंतर व ज्या घरी चहा मिळतो तेथेच होतात, हे आपणांस नाकारता येणार नाही. श्रावणात चिखल तुडवीत गुड्यापर्यंत जाणारा धर्मशिक्षक जे पाहील ते जानेवारीत मोटारीने येणाऱ्यास दिसणार नाही.

चौथी, विश्वास राखावा. एखाद्या घराचे कर्ज ही त्या घराची लाज असते. नावे कोठेही उघड करू नयेत. विचारण्यापूर्वी हेतू सांगावा. साहाय्याचे आश्वासन देऊन उत्तरे काढू नयेत. निष्कर्ष आधी गावाला सांगावेत आणि मगच वर पाठवावेत. कोणी उत्तर देण्याचे नाकारले तर त्याचा मान ठेवावा.

पाचवी, पुन्हा जावे. एका वर्षाची नोंद ही सुरुवात होय. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जे आरोग्यकार्य उभारले त्यात गावातीलच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या, आणि घरोघरचे जन्म, मृत्यू व आजार यांची नोंद गावानेच ठेवावी अशी रीत पडली. गावाला आपला आकडा कळला म्हणून गावाने आपला मार्ग बदलला.

अशा नोंदीतून काय करता येईल? मक्तेदाराचे नाव योजनेत नसेल तर ग्रामसभेत त्याची बाजू मांडता येईल. बहुतेक घरे आषाढातच कर्ज काढतात असे दिसले, तर मंडळीचा धान्यनिधी नाताळऐवजी आषाढात वाटता येईल आणि बचतगटाची उसनवारी त्याच महिन्यांसाठी राखून ठेवता येईल. पौल प्रेषिताने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना मान्न्याचीच आठवण दिली व एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी असे सुचविले (२ करिंथ ८:१३-१५). उणीव कोठे व केव्हा आहे हे ठाऊक नसेल, तर विपुलता योग्य दारी पोहोचणार नाही.

प्रभू येशूने मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे टाकीत असता पाहिले आणि विधवेच्या दोन टोल्या सर्वांहून अधिक ठरविल्या (मार्क १२:४१-४४). इतरांनी काय दिले एवढेच त्याने पाहिले नाही. देऊन झाल्यावर कोणाजवळ काय उरले हे त्याने पाहिले. उपजीविकेचे मोजमाप करणाऱ्यांना याहून चांगला धडा मिळणार नाही. पीक किती आले, अनुदान किती वाटले, टक्केवारी किती घटली, हे सर्व विचारून झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो : मक्ता, व्याज व औषध देऊन झाल्यावर त्या घरात काय उरले? तो प्रश्न गावोगाव, ऋतूऋतूत, नम्रपणे विचारीत राहणे हे आपल्या सेवेचे अंग आहे, आणि त्याचे उत्तर खऱ्या एफाने मोजून सांगणे हे आपल्या साक्षीचे.